वाळूवरचे खरेदीखत

प्रस्तावना

समुद्रकिनारी आपले एक लहानसे घर असावे, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. ही इच्छा केवळ श्रीमंतांची नसते. चार दिवसांच्या सहलीला गेलेला माणूसही परतताना 'भूखंड विकणे आहे' ही पाटी क्षणभर थांबून वाचतो आणि मनातल्या मनात हिशेब करू लागतो. समुद्र दिसणाऱ्या जमिनीची ही ओढ जगात सगळीकडे आढळते. पण अशी जमीन विकत घेताना आपण नेमके काय विकत घेतो, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

या पाठात तुम्ही अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन या वाळूच्या बेटाची हकीकत वाचणार आहात. हा माहितीपर लेख आहे. माहिती देता देता तो वाचकाला विचार करायला लावतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• वाळूचे बेट कसे तयार होते व ते का सरकते, हे सांगणे.
• गॅल्व्हेस्टन बेटावरील प्रमुख घटना कालक्रमाने लिहिणे.
• किनाऱ्यावरील मालमत्तेचे आकर्षण व तिच्यातील धोका या दोन्ही बाजू मांडणे.
• पाठातील वाक्प्रचार, सामासिक शब्द व प्रयोजक क्रियापदे यांचा योग्य वापर करणे.

मूळ पाठ

(१) बेटाची भुरळ

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन या महानगरापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ४३ किलोमीटर आहे. रुंदी मात्र ५ किलोमीटरांहून कोठेही फारशी अधिक नाही. एका बाजूला खुला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उथळ, शांत उपसागर. मुख्य भूमीवरून पूल ओलांडून बेटावर आले, की हवा बदलते. टेक्सासच्या कडक उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वारा जिवाला थंडावा देतो. पाण्यावरून रांगेने उडत जाणारे पेलिकन पक्षी दिसतात. शहराची धावपळ पुलापलीकडे राहिली, असे वाटते. अशा ठिकाणी येणाऱ्याला भुरळ पडली, तर त्यात नवल नाही.

या ओढीला व्यवहाराचीही जोड असते. समुद्रासमोरची जमीन मोजकीच असते आणि ती वाढवता येत नाही. म्हणून तिची किंमत चढतच राहील, असा लोकांचा विश्वास असतो. सुटीच्या दिवसांत घर पर्यटकांना भाड्याने द्यावे, त्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फेडावेत आणि उतारवयात स्वतः तेथे राहायला जावे, असा बेत अनेकजण करतात. हा बेत वेडगळ नाही. कित्येकांच्या बाबतीत तो यशस्वीही झालेला आहे.

गॅल्व्हेस्टन शहराचा जन्मच मुळी भूखंडांच्या विक्रीतून झाला. टेक्सास हे तेव्हा अमेरिकेचे राज्य नव्हते, स्वतंत्र प्रजासत्ताक होते. मिशेल मेनार्ड या व्यापाऱ्याने १८३६ च्या डिसेंबरात बेटाच्या पूर्वेकडील जमीन या प्रजासत्ताकाकडून ५०,००० डॉलरना मिळवली. १८३८ मध्ये त्याने व त्याच्या भागीदारांनी कंपनी स्थापन केली आणि चौकोनी आखणी करून भूखंड विकण्यास प्रारंभ केला. बंदर उत्तम होते. टेक्सासचा कापूस येथूनच परदेशी जाऊ लागला. व्यापाऱ्यांनी मोठमोठे वाडे बांधले. १९०० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३७,७८९ इतकी भरली. ज्यांनी आरंभी भूखंड घेतले, त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला, असेच त्या काळी कोणीही म्हटले असते.

पाठगत प्रश्न १

(अ) गॅल्व्हेस्टन बेटाच्या दोन बाजूंना काय आहे?
(आ) समुद्रासमोरच्या जमिनीची किंमत वाढतच राहील, असे लोकांना का वाटते?

(२) वाळूचा स्वभाव

गॅल्व्हेस्टन हे खडकाचे बेट नाही. नद्यांनी आणलेली व लाटांनी लोटलेली वाळू किनाऱ्याला समांतर साचत गेली आणि काही हजार वर्षांत तिचे लांबट बेट झाले. अशी बेटे मुख्य भूमीसमोर बांधासारखी उभी असतात. वादळी लाटांचा पहिला मारा ती आपल्या अंगावर घेतात.

परंतु वाळू एका जागी राहत नाही. किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत असतो. शांत दिवसांत लाटा थोडी वाळू पुळणीवर आणून टाकतात. वादळात तीच वाळू ओढून नेतात. मोठ्या वादळात पाणी बेटावरून पलीकडे जाते आणि समोरची वाळू मागच्या बाजूला नेऊन पसरते. समुद्राची पातळी वाढत असताना असे बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकू लागते. माणसाने त्यावर काही बांधलेले नसेल, तर यात कोणाचेच नुकसान नसते. बेट जागा बदलते, एवढेच.

नुकसान सुरू होते ते खरेदीखतापासून. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. कागदावरील त्या रेषा हलत नाहीत. त्यांच्याखालची वाळू हलते. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर बांधलेले घर आणि वाळूच्या बेटावर बांधलेले घर यांत हाच मूलभूत फरक आहे.

१९०० साली गॅल्व्हेस्टन शहरातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम २.७ मीटर उंच होती. धोक्याच्या सूचना मिळालेल्या नव्हत्या, असे नाही. त्याच किनाऱ्यावरील इंडियनोला हे बंदर १८७५ च्या वादळात उद्ध्वस्त झाले होते. पुन्हा उभारल्यावर १८८६ च्या वादळात ते कायमचे संपले. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्रभिंत बांधण्याविषयी चर्चा झाली. चर्चा झाली आणि विरली. आयझॅक क्लाइन हे तेथील सरकारी हवामान कार्यालयाचे प्रमुख होते. वादळाने या शहराची मोठी हानी होईल ही कल्पना निराधार आहे, असे मत त्यांनी १८९१ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रातील लेखात मांडले. लोकांना तेच ऐकायचे होते. भरभराटीच्या दिवसांत धोक्याकडे डोळेझाक करणे सोपे असते.

(३) ८ सप्टेंबर १९००

शनिवार, ८ सप्टेंबर १९०० या दिवशी हरिकेन नावाने ओळखले जाणारे प्रचंड चक्रीवादळ गॅल्व्हेस्टनवर येऊन आदळले. समुद्राचे पाणी ४.५ मीटरांहून अधिक चढले. म्हणजेच शहरातील सर्वांत उंच जागेवरही पुरुषभर पाणी होते. उपसागराच्या बाजूनेही पाणी आत आले होते. पळून जाण्यासाठी कोरडी जमीन उरली नाही.

ज्या घरांतून समुद्र सर्वांत जवळ दिसत असे, ती घरे सर्वांत आधी पडली. लाटांनी त्यांची लाकडे, तुळया व छपरे मागच्या रांगेवर फेकली. त्या आघाताने ती रांग पडली, मग तिसरी. अखेर मोडक्या घरांचा एक प्रचंड ढिगारा शहरातच उभा राहिला आणि त्या ढिगाऱ्यानेच उरलेल्या घरांना लाटांपासून वाचवले.

किनाऱ्यालगत एक अनाथाश्रम होता. तेथील जोगिणींनी मुलांना दोरीने आपल्या कमरेला बांधून घेतले होते. एकही मूल हातून निसटू नये, हा त्यांचा हेतू. १० जोगिणी आणि ९० मुले त्या रात्री मरण पावली. तीन मोठे मुलगे तेवढे एका झाडाला धरून वाचले. क्लाइन यांच्या भक्कम घरात शेजारपाजारच्या अनेकांनी आसरा घेतला होता. तेही घर कोसळले. क्लाइन आणि त्यांच्या तीन मुली वाचल्या. त्यांच्या गर्भवती पत्नीचा मृत्यू झाला.

या वादळात किमान ६,००० माणसे मरण पावली. काही अंदाजांनुसार हा आकडा १२,००० पर्यंत जातो. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वाधिक बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती म्हणून तिची नोंद आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) इंडियनोला बंदराच्या अनुभवातून गॅल्व्हेस्टनने कोणता धडा घ्यायला हवा होता?
(आ) उरलेल्या शहराचे रक्षण कशामुळे झाले?

(४) शहर उचलले

एवढे झाल्यावर बेट सोडून जावे, असे कोणाला वाटले असते तर ते स्वाभाविक होते. काहीजण गेलेही. पण बहुसंख्य लोकांनी राहण्याचे ठरवले व शहर वाचवण्यासाठी कंबर कसली. तीन अभियंत्यांच्या समितीने दोन कामे सुचवली. पहिले, समुद्रासमोर भक्कम भिंत बांधणे. दुसरे, संपूर्ण शहराची जमीनच उंच करणे.

१९०२ मध्ये भिंतीचे काम सुरू झाले. १९०४ मध्ये सुमारे ५ किलोमीटर लांबीचा पहिला टप्पा पूर्ण झाला. भिंतीची उंची १७ फूट, म्हणजे ५ मीटरांहून थोडी अधिक होती. दुसरे काम याहून अवघड होते. घरे, दुकाने, चर्च अशा २,००० हून अधिक इमारती जॅक लावून, हाताने फिरवून, थोड्या थोड्या वर उचलण्यात आल्या. सुमारे ३,००० टन वजनाचे एक चर्चही असेच उचलले गेले. शहरात कालवा खणून त्यातून गाळ उपसणारी जहाजे आत आणली. पाण्यात कालवलेली वाळू नळांवाटे उचललेल्या इमारतींखाली ओतली. पाणी निचरून गेले, वाळू राहिली. बागा व झाडे गाडली गेली. लोक कित्येक महिने लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करीत. हे काम १९११ पर्यंत चालले. भराव टाकण्याचा खर्च सार्वजनिक निधीतून झाला. स्वतःचे घर उचलून घेण्यासाठी मात्र प्रत्येकाला पदरमोड करावी लागली.

१९१५ मध्ये तितकेच भीषण वादळ आले. भिंत टिकली. १९०० च्या तुलनेत शहरातील मृत्यूंची संख्या अगदी थोडी होती. सामूहिक निर्धाराचा तो विजय होता आणि त्याबद्दल गॅल्व्हेस्टनच्या लोकांना वाटणारा अभिमान रास्त आहे.

पण समुद्राशी केलेला कोणताही करार एकतर्फी नसतो. भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू ओढून नेऊ लागल्या. भिंतीमागची वाळू बंदिस्त झाली, तेव्हा ती पुळणीला मिळेना. ज्या रुंद पुळणीमुळे लोक या बेटावर येत, तीच भिंतीसमोर आक्रसत गेली. शहर वाचले, पुळण गेली. पुढे बाहेरून वाळू आणून पुळण भरावी लागली. ती पुन्हा वाहून जाते आणि पुन्हा भरावी लागते.

(५) सरकणारी रेषा

भिंत टप्प्याटप्प्याने वाढत १९६३ पर्यंत सुमारे १६ किलोमीटरांची झाली. बेटाच्या पश्चिमेकडील मोठा भाग मात्र तिच्यापलीकडेच राहिला. त्या भागातही भूखंड पडले व विकले गेले. तेथील घरे उंच खांबांवर उभी आहेत. पुळण तेथे आहे, भिंत नाही.

टेक्सास राज्याने १९५९ मध्ये खुल्या किनाऱ्यांचा कायदा केला. पाण्यापासून नैसर्गिक वनस्पतींची रेषा जेथे सुरू होते, तेथपर्यंतच्या पुळणीवर वावरण्याचा लोकांचा पूर्वापार हक्क या कायद्याने राखला. किनारा सर्वांचा, हे तत्त्व उदात्त आहे. पण वादळाने वनस्पतींची रेषाच आत सरकली तर?

असे खरोखर घडले. एका महिलेने २००५ च्या वसंत ऋतूत पश्चिम भागात घर घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात रीटा वादळ आले आणि रेषा तिच्या घराच्या मागे गेली. खरेदीच्या दिवशी खासगी जमिनीवर असलेले घर काही महिन्यांत सार्वजनिक पुळणीवर आले. ते हटवावे लागू शकेल, असे राज्याने तिला कळवले. ती न्यायालयात गेली. किनारा हळूहळू सरकला तर लोकांचा हक्कही त्याच्याबरोबर सरकतो. पण वादळाने तो एकाएकी सरकला तर नव्या जागेवर तसा हक्क आपोआप निर्माण होत नाही, असा निर्णय टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केला. घरमालकांना दिलासा मिळाला. खुल्या किनाऱ्याचा पुरस्कार करणाऱ्यांना मात्र हा निर्णय रुचला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, तर दोन्ही बाजूंत तथ्य आढळते.

२००८ च्या सप्टेंबरात आइक वादळ आले. समुद्रभिंत उभी होती, तरी उपसागराच्या बाजूने पाणी शहरात शिरले. भिंतीपलीकडील पश्चिम भागात समुद्राजवळची अनेक घरे गेली. शिवाय बेटाखालची जमीन खचत आहे आणि समुद्र चढत आहे. १९०४ पासूनच्या नोंदींनुसार येथील पाण्याची सापेक्ष पातळी वर्षाला सरासरी सुमारे साडेसहा मिलिमीटर वाढत आली आहे. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण घराचे आयुष्य ५० वर्षे धरले, तर तो फूटभराहून अधिक होतो.

पाठगत प्रश्न ३

(अ) शहर उंच करताना कोणता खर्च घरमालकांनी सोसला?
(आ) 'शहर वाचले. पुळण गेली' असे लेखात का म्हटले आहे?

(६) खरी किंमत

अशा घराची खरी किंमत खरेदीखतावर लिहिलेली नसते. भिंत, भराव, विमा, दुरुस्ती यांचा खर्च नंतर येत राहतो आणि त्यातील मोठा वाटा इतरांना उचलावा लागतो. अमेरिकेत पुराचा धोका खासगी विमा कंपन्या टाळत असत. म्हणून १९६८ मध्ये सरकारला राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू करावी लागली. परिणामी धोक्याच्या जागी घर बांधणे अधिक सोपे झाले. हे ध्यानात आल्यावर १९८२ मध्ये नवा कायदा झाला. वाळूच्या बेटांवरील ज्या मोकळ्या क्षेत्रांची त्यात नोंद झाली, तेथील नव्या बांधकामाला सरकारी पूरविमा मिळणार नाही, असे ठरले. बांधण्यास मनाई नाही; पण जोखीम ज्याची त्याने घ्यावी, हा त्यामागचा विचार. गॅल्व्हेस्टन परिसराच्या रक्षणासाठी समुद्रदरवाजे, वाळूच्या टेकड्या व शहराभोवती बांध अशा अवाढव्य योजनेला अमेरिकेच्या संसदेने २०२२ मध्ये मान्यता दिली. तिचा अंदाजित खर्च अब्जावधी डॉलरांच्या घरात आहे.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. भारतात १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर तिने निर्बंध घातले. २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या आणि नियम बदलत गेले. केरळमधील कोची शहराजवळच्या मरडू येथे या नियमांचा भंग करून पाण्याकाठी बांधलेली चार गृहसंकुले सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आली. त्यांतील रहिवाशांकडे खरेदीखते होती. बांधकामाला मिळालेली परवानगीच सदोष होती, हे त्यांना घर सोडताना कळले.

मग समुद्रकाठी घर घेऊच नये काय? असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. मच्छीमार पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यावर राहत आले आहेत. गॅल्व्हेस्टनचे लोकही आपल्या बेटावर प्रेम करतात आणि प्रत्येक वादळानंतर परततात. परंतु आयुष्यभराची पुंजी गुंतवण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही जमीन खडकाची आहे की वाळूची? गेल्या ५० वर्षांत किनारा किती सरकला? येथील जुने रहिवासी कोठवर पाणी आल्याचे सांगतात? भरतीरेषा कोठे आहे आणि बांधकामाची परवानगी कोणी, कोणत्या नियमान्वये दिली? विमा मिळतो काय? आणि पाणी आले, तर बाहेर पडण्याचा रस्ता किती व तो कितपत उंच?

विक्रेता समुद्राचे दर्शन दाखवतो. ते खरेच असते. उरलेल्या गोष्टी मात्र आपल्यालाच पाहाव्या लागतात.

शब्दार्थ

पुळण – समुद्रकाठची वाळूची पट्टी
चतुःसीमा – जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी
सडा – कोकणातील जांभ्या खडकाचे सपाट पठार
जोगीण – धर्मकार्याला वाहून घेतलेली स्त्री, येथे ख्रिस्ती संन्यासिनी
भराव – खोलगट जागी टाकलेली माती किंवा वाळू
अधिसूचना – शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला आदेश
सापेक्ष – दुसऱ्या गोष्टीच्या तुलनेत ठरणारा

समजून घेऊ या

लेखाचे शीर्षक पुन्हा वाचा. खरेदीखत हे स्थैर्याचे प्रतीक आहे. वाळू अस्थिर आहे. या दोन शब्दांच्या जोडणीतच लेखाचा मुख्य विचार सामावलेला आहे.

लेखकाने बेटाचे आकर्षण आरंभी मनापासून मांडले आहे. त्याची थट्टा केलेली नाही. म्हणूनच पुढील धोक्याचे वर्णन परिणामकारक होते. गॅल्व्हेस्टनच्या लोकांचे धैर्य आणि त्या धैर्याची पडलेली किंमत, घरमालकांचा हक्क आणि लोकांचा हक्क, अशा परस्परविरोधी गोष्टी लेखात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. लेखक निर्णय देत नाही. विचारायचे प्रश्न तेवढे हाती देतो.

भाषाभ्यास

(१) वाक्प्रचार व अर्थ

भुरळ पडणे – मोह होणे
डोळेझाक करणे – मुद्दाम दुर्लक्ष करणे
कंबर कसणे – निर्धाराने तयार होणे
पदरमोड करणे – स्वतःच्या पैशांतून खर्च करणे

(२) सामासिक शब्द

समुद्रकिनारा – समुद्राचा किनारा (षष्ठी तत्पुरुष समास)
चतुःसीमा – चार सीमांचा समूह (द्विगू समास)
भरती-ओहोटी – भरती आणि ओहोटी (इतरेतर द्वंद्व समास)

(३) प्रयोजक क्रियापदे

'वाळू सरकते' या वाक्यात क्रिया आपोआप घडते. 'लाटा वाळू सरकवतात' या वाक्यात ती क्रिया दुसरा कोणी घडवून आणतो. अशा क्रियापदाला प्रयोजक क्रियापद म्हणतात. हलणे–हलवणे, वाढणे–वाढवणे, बसणे–बसवणे ही आणखी उदाहरणे होत.

तुम्ही काय शिकलात?

• वाळूची बेटे लाटा, प्रवाह व वादळे यांमुळे जागा बदलतात. खरेदीखतातील सीमा मात्र स्थिर असतात.
• १९०० च्या वादळानंतर गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी भिंत बांधून व जमीन उंच करून शहर वाचवले. त्याची किंमत पुळणीला मोजावी लागली.
• किनाऱ्यावरील घराचा खर्च खरेदीने संपत नाही आणि तो केवळ मालकच सोसतो असे नाही.
• किनाऱ्यावर घर घेण्यापूर्वी जमीन, नियम, विमा व सुरक्षितता यांची चौकशी आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. वाळूचे बेट कसे तयार होते व का सरकते, ते ८ ते १० ओळींत लिहा.
२. पुढील घटना कालक्रमाने लावा : आइक वादळ, खुल्या किनाऱ्यांचा कायदा, भूखंडविक्रीचा प्रारंभ, समुद्रभिंतीचा पहिला टप्पा पूर्ण, क्लाइन यांचा लेख.
३. 'समुद्राशी केलेला कोणताही करार एकतर्फी नसतो' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. २००५ मध्ये घर घेणाऱ्या महिलेची बाजू व खुल्या किनाऱ्याच्या समर्थकांची बाजू प्रत्येकी पाच वाक्यांत मांडा. तुम्हांला कोणती अधिक पटते? कारणे द्या.
५. तुमचा मित्र समुद्राजवळ किंवा नदीकाठी घर घेणार आहे. त्याने कोणती चौकशी करावी, हे सांगणारे पत्र लिहा.
६. पाठातील चार वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
७. उपक्रम : तुमच्या गावातील नदी, तलाव किंवा समुद्र यांचे पाणी पूर्वी कोठवर आले होते, याविषयी दोन वृद्ध व्यक्तींशी बोला आणि मिळालेली माहिती टिपून ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) एका बाजूला खुला समुद्र व दुसऱ्या बाजूला उथळ, शांत उपसागर आहे.
(आ) अशी जमीन मोजकीच असते आणि ती वाढवता येत नाही, म्हणून.

२. (अ) त्याच किनाऱ्यावर मोठी वादळे शहर नष्ट करू शकतात. म्हणून संरक्षणाची व्यवस्था वेळीच करावी, हा धडा घ्यायला हवा होता.
(आ) पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याने लाटा अडवल्यामुळे उरलेले शहर वाचले.

३. (अ) स्वतःचे घर उचलून घेण्याचा खर्च.
(आ) भिंतीमुळे शहराचे रक्षण झाले. पण लाटांनी पायथ्याची वाळू ओढून नेल्यामुळे भिंतीसमोरची पुळण आक्रसत गेली, म्हणून.